वाम जेवत नाही! दोन हजार वर्षं जुनी काळजी

आजचा एपिसोड इतिहासाचा आहे, पण सुरुवात माझ्या पुण्यातल्या फ्लॅटच्या हॉलमधून होते.

हॉलमध्ये साडेतीनशे लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. गेल्या वर्षी मी तिच्यात एक रिबन ईल आणली. रिबनसारखीच चपटी, लांब, गडद निळी, पाठीवर पिवळी किनार आणि नाकपुड्यांवर दोन छोटी पानं फुटल्यासारखी. दुकानदार म्हणाला, "खाईल हो, दोन दिवसांत रुळेल." रत्नागिरीच्या माझ्या आजीने व्हिडिओ कॉलवर बघितलं आणि म्हणाली, "अरे, ही तर वाम! एवढे पैसे देऊन आणलीस आणि कालवण नाही करायचं?"

तर दोन दिवस झाले, चार झाले, दहा झाले. बाई काही खाईना. बाई म्हणतोय खरा, पण निळी रिबन ईल म्हणजे नर. पिल्लू असताना ही काळी असते, मोठी झाली की निळा नर होते आणि त्याहून मोठी झाली की पिवळी मादी! एकाच जन्मात तीन रंग आणि दोन लिंगं. त्यामुळे एकेकाळी शास्त्रज्ञांनाही या वेगवेगळ्या जाती वाटल्या होत्या. १८८८ साली सॅम्युएल गार्मन या अमेरिकन शास्त्रज्ञाने तिला ऱ्हायनोम्युरीना क्वीसिटा हे नाव दिलं.

मी इंजिनिअर माणूस. काही बिघडलं की आधी लॉग बघायचे. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, तापमान २५ अंश, क्षारता बरोबर. लपायला वाळूत पीव्हीसी पाइप पुरलेला. झाकण घट्ट, कारण या ईल बारीकशा फटीतून बाहेर पडून जमिनीवर सुकून मरतात. सगळं हिरवं, तरी सिस्टिम डाऊन! मग रात्र रात्र वाचत बसलो आणि वाचता वाचता थेट प्राचीन रोममध्ये पोचलो.

रोमन श्रीमंतांना मोरे ईलचं वेड होतं. रिबन ईल त्याच कुळातली. त्यांच्याकडे असायची ती भूमध्य समुद्रातली जात. नेपल्सच्या आसपास समुद्रकिनारी बंगले बांधायचे, खडकात तलाव खोदायचे आणि चर काढून भरती-ओहोटीचं पाणी आत-बाहेर खेळवायचं. म्हणजे फिल्टर काय, तर अख्खा समुद्र!

लुसियस लिसिनियस क्रॅसस नावाचा एक मोठा वक्ता आणि राजकारणी होता. त्याच्या ईलला म्हणे त्याचा आवाज ओळखू यायचा, हाक मारली की ती यायची आणि हातातून खायची. त्याने तिला दागिने घातले होते. ती मेली तेव्हा तो ढसाढसा रडला. डोमिशियस हा त्याचा सहकारी आणि हाडवैरी. त्याने टोमणा मारला, की माशासाठी रडतोस? क्रॅसस म्हणाला, तू तीन बायका पुरल्यास, एकीसाठी तरी रडलास का? घ्या! इ.स.पू. पहिल्या शतकातला ट्रोल आणि त्याला मिळालेला रिप्लाय.

पण मला खरी गंमत वाटली हॉर्टेन्सियसची. हाही वक्ता, सिसेरोचा प्रतिस्पर्धी. व्हॅरो नावाच्या लेखकाने शेतीवरच्या पुस्तकात त्याची गोष्ट सांगितलीय. हा माणूस आपल्या तलावातले मासे खायचा नाही, जेवणासाठी बाजारातून मासे मागवायचा. उलट तलावातल्या माशांना भरवण्यासाठी छोटे मासे पकडून आणणारे कोळी त्याने कामाला ठेवले होते. समुद्र खवळला, जाळी टाकता येईनात, की बाजारातून खारवलेले मासे आणून तो यांना घालायचा. वाचलं आणि वाटलं, अरे, हा मीच! मीसुद्धा आदल्याच दिवशी मंडईत मांदेली शोधत फिरत होतो.

पण थांबा, याच गोष्टीत एक काटा आहे. व्हॅरो हेही लिहितो, की आजारी गुलामापेक्षा हॉर्टेन्सियसला आपल्या माशांच्या पाण्याची जास्त काळजी असायची. आणि वेडियस पोलियो तर पुढचाच. त्याच्या घरी सम्राट ऑगस्टस जेवायला आला होता. एका गुलामाच्या हातून स्फटिकाचा पेला फुटला. पोलियोने हुकूम सोडला, याला ईलच्या तलावात टाका. त्या पोराने ऑगस्टसचे पाय धरले. मागणं एवढंच, की मरण दुसऱ्या कुठल्याही प्रकारे द्या. ऑगस्टसने त्याला सोडवलं, घरातले सगळे स्फटिकाचे पेले आपल्यासमोर फोडायला लावले आणि तो तलाव बुजवायला सांगितला. म्हणजे पाळण्याच्या हौसेला किंमत असते आणि ती नेहमी मालकच मोजतो असं नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता थेट १८४६. समुद्र घरात आणायचा प्रश्न खऱ्या अर्थाने सुटायला सुरुवात झाली ती लंडनमध्ये, ॲना थिन नावाच्या बाईंच्या हातून. त्या टॉर्कीच्या किनाऱ्यावर गेल्या होत्या, तिथून जिवंत कोरल घेऊन आल्या. लंडनमध्ये समुद्र कुठला? पाण्यात हवा खेळती ठेवायची म्हणून ते पाणी उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत राहायचं. हे काम बहुतेक वेळा त्यांची छोटी मोलकरीण करायची. तासन् तास! आज माझ्या टाकीत जे काम एअर पंप करतो ते त्या मुलीने केलं, आणि तिचं नाव इतिहासात कुठेच नाही. पुढे थिनबाईंनी पाण्यात समुद्री वनस्पती ठेवल्या, त्या प्राणवायू देऊ लागल्या आणि कोरल जवळजवळ तीन वर्षं जगले.

त्याच सुमारास रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचा रसायनशास्त्रज्ञ गोड्या पाण्यात प्रयोग करत होता. दोन गोल्डफिश आणि एक पाणवनस्पती. कागदावर गणित बरोबर: झाड प्राणवायू देणार, मासा घेणार. पण पानं कुजायला लागली, पाणी गढूळ झालं. मग त्याने गोगलगाई सोडल्या, त्यांनी कुजकी पानं खाल्ली आणि सगळं ताळ्यावर आलं. १८५० मध्ये त्याने हे छापलं. ताळ्यावर आणणारा मोठा भाग कुणाच्या नजरेलाच पडत नव्हता, तो म्हणजे बॅक्टेरिया. अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करणारे हे जीव सर्गेई विनोग्राडस्कीने वेगळे करून दाखवले ते १८९० च्या आसपास. आज आपण टाकी 'सायकल' करतो म्हणतो ना, ते हेच.

आणि मग आला फिलिप हेन्री गॉस. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जगातलं पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं, त्यात त्याचा मोठा वाटा होता. १८५४ मध्ये त्याचं 'द ॲक्वेरियम' हे पुस्तक आलं आणि तो शब्द घराघरांत पोचला. साधं मीठ आणि मॅग्नेशियम-पोटॅशियमचे क्षार मिसळून समुद्राचं पाणी घरीच बनवायची कृतीही त्याने दिली. इंग्लंडमध्ये काचेवरचा कर १८४५ मध्येच उठला होता, काच स्वस्त झाली होती. झालं, अख्खा मध्यमवर्ग बादल्या घेऊन किनाऱ्यावर! पुढे त्याचाच मुलगा एडमंड गॉस याने १९०७ मध्ये खंतावून लिहिलं, की हौशी लोकांनी किनाऱ्यावरची ती सुंदर डबकी ओरबाडून उजाड केली. बापाने जे प्रेमाने दाखवलं, त्याच प्रेमाने लोकांनी ते संपवलं.

आपल्याकडे मुंबईत मरीन ड्राइव्हला तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झालं. मी लहानपणी तिथे काचेला नाक लावून उभा राहिलोय, तुमच्यापैकीही बरेच राहिले असतील. घरात समुद्र हवा हे खूळ माझ्या डोक्यात तिथेच शिरलं.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तयार मीठ मिळू लागलं, विमानं आली आणि फिलिपिन्स-इंडोनेशियाचे मासे जगभर जायला लागले. ते पकडणार कसे? १९६० च्या दशकात फिलिपिन्समध्ये एक शॉर्टकट सुरू झाला: सायनाइड. बाटलीतून खडकाच्या कपारीत फवारायचं, मासा गुंगला की उचलायचा. बाजूचं कोरल मरतं. मासा वरून धडधाकट दिसतो, पण आतून पोखरलेला असू शकतो आणि काही आठवड्यांनी मरतो. कायद्याने बंदी आली, तरी प्रकार पूर्ण थांबला नाही. आणि कपारीत राहणारा, सहज हाती न लागणारा मासा म्हणजे कोण? बरोबर.

परत माझ्या हॉलमध्ये येऊ. मी कोलंबी दिली, मांदेलीचे तुकडे दिले, लांब चिमट्यात धरून पाइपच्या तोंडाशी हलवले, रात्री दिवे बंद करून बघितलं. शेवटी मोली मासे हळूहळू खाऱ्या पाण्याला सरावून जिवंत सोडले. एकोणिसाव्या दिवशी तिने एक पकडला. मी रात्री दीड वाजता आजीला मेसेज केला, "जेवली!" सकाळी आजीचा फोन, "मग आता तू जेव." पुढच्या आठवड्यात आणखी दोन खाल्ले. मग परत बंद. बेचाळिसाव्या दिवशी ती पाइपच्या बाहेर आडवी पडलेली दिसली. पाणी अजूनही परफेक्ट होतं.

मी इतके दिवस माझ्याच टाकीचे लॉग बघत बसलो होतो. ती कुठून आली, कशी पकडली, किती दिवस प्लास्टिकच्या पिशवीत होती, हे मी विचारलंच नव्हतं. नंतर दुकानात जाऊन विचारलं, तर तिथे कुणालाच माहीत नव्हतं. क्रॅसस रडला याचं मला आता हसू येत नाही, मीही रडलो. पण तलावाच्या काठावर तो गुलाम पोरगाही उभा होता, आणि खिडकीपाशी पाणी ओतणारी ती मुलगीही.

तुम्हाला रिबन ईल आणायचीच असेल, तर एक करा: दुकानात तिला तुमच्यासमोर खाताना बघा. जिवंत नाही, मेलेला मासा. एकदा नाही, दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी. खात नसेल तर परत या. आणि कुठून आली याचं उत्तर मिळत नसेल, तरीही परत या.

माझ्या टाकीत आता दोन क्लाउनफिश आहेत, समुद्रातून नाही, हॅचरीतून आलेले. आपल्या देशातही केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या पैदाशीचं तंत्र तयार केलंय. पहिल्याच दिवशी दोघं गोळ्यांवर तुटून पडले. आजीला दाखवलं तर म्हणाली, "एवढ्याशाने कालवण नाही व्हायचं, पण जेवतायत ना? मग बरं."

एपिसोड आवडला तर तुमच्या त्या एका मित्राला पाठवा, जो टाकी घ्यायचं म्हणतोय. भेटू पुढच्या आठवड्यात. तोपर्यंत, जेवून घ्या!