कोर्दोबाच्या बाकड्यावर

स्वेटर बरोबर ठेवा. जून म्हटल्यावर तुमचा हात छत्रीकडे गेला असेल, पण विषुववृत्ताच्या पलीकडे जून म्हणजे हिवाळा. तारीख ७ जून १९७८. गाव कोर्दोबा, देश अर्जेंटिना. फुटबॉलच्या विश्वचषकासाठी बांधलेल्या या स्टेडियमचं उद्घाटन होऊन तीन आठवडेच झालेत. चाळीस हजारांहून जास्त माणसं मावतील एवढं ते मोठं, पण आज अधिकृत नोंदीत प्रेक्षक भरणार आहेत ७,९३८. कुठेही बसा, हटकणारं कोणी नाही. फक्त जागा अशी निवडा, की तिथून स्कॉटलंडचं बाकडं दिसेल.

मैदानात स्कॉटलंडची गाठ इराणशी आहे. इराणचा हा पहिलाच विश्वचषक. स्कॉटलंड १-० ने पुढे आहे, पण तो गोलही इराणच्याच एस्कंदारियनने चुकून आपल्या जाळ्यात घातलेला. साठाव्या मिनिटाला दानाईफर्द बरोबरी साधतो. आता बाकड्याकडे पाहा. तिथला सत्तेचाळीस वर्षांचा, लांब नाकाचा माणूस दोन्ही हातांत डोकं धरून बसलाय. हा प्रशिक्षक अ‍ॅली मॅक्लाउड. कॅमेऱ्यांची तोंडं खेळाकडून त्याच्याकडे वळलीत. उद्याच्या वर्तमानपत्रात हाच फोटो असेल आणि पुढची पन्नास वर्षं स्कॉटलंड तो विसरणार नाही.

हा माणूस इथवर कसा आला, हे पाहायचं तर दोन आठवडे मागे चला.

ग्लासगोचं हॅम्पडन पार्क. सुमारे २५ हजार लोक जमलेत आणि सामना एकही नाही. संघ उघड्या बसमधून मैदानाला फेरी मारतोय, लोक हात हलवतायत. स्पर्धेला जाण्याआधीच ही विजययात्रा! इंग्लंड या विश्वचषकाला पात्रच ठरलेलं नाही, त्यामुळे आनंदाला वेगळीच फोडणी. अ‍ॅलीच्या फौजेचं गाणं ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत वर चढलंय. विश्वचषक जिंकल्यावर काय करणार, असं कोणी विचारलं तर हा गृहस्थ सांगतो, पुढच्या वेळी तो राखणार. हसू नका. तुम्ही त्या गर्दीत असता, तर तुम्हीही टाळ्या पिटल्या असत्या. एअर आणि अ‍ॅबरडीनचे क्लब सांभाळून आलेला हा माणूस, वर्षापूर्वी याच्याच संघाने वेम्बलीवर इंग्लंडला २-१ असं हरवलेलं. त्याच्या बोलण्यावर विश्वास न ठेवणारा स्कॉटिश माणूस तेव्हा शोधून काढावा लागला असता.

बोलणं स्वस्त असतं. पहिल्या सामन्यातला प्रतिस्पर्धी पेरू. त्यांचा खेळ प्रत्यक्ष पाहायला मॅक्लाउड गेलाच नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता ३ जून. पुन्हा कोर्दोबा, तेच स्टेडियम. जो जॉर्डन चौदाव्या मिनिटाला गोल करतो आणि स्कॉटिश झेंडे उसळतात. मध्यंतराच्या तोंडावर पेरू बरोबरी साधतं. मग डॉन मॅसनची पेनल्टी पेरूचा गोलरक्षक किरोगा अडवतो, आणि त्यानंतर तेओफिलो कुबियास स्कॉटिश बचावाचे धिंडवडे काढत सहा मिनिटांत दोन गोल मारतो. १-३. डाव्या बाजूला विली जॉन्स्टनकडे नजर टाका. वेस्ट ब्रॉमविच अ‍ॅल्बियनचा विंगर, भल्याभल्यांना चकवणारा. आज त्याचे पाय जड आहेत. उत्तेजक घेऊन खेळणारा माणूस असा दिसतो, असं तुमच्या मनातही येणार नाही.

सामना संपला की दोन्ही संघांतल्या दोन-दोन खेळाडूंना लघवीचा नमुना द्यावा लागतो. जॉन्स्टनवर पाळी येते. निकालात फेनकॅमफामीन निघतं. सामन्याआधी त्याने रिअ‍ॅक्टिव्हान नावाच्या दोन गोळ्या घेतल्या होत्या. थकवा आला की ब्रिटनमध्ये डॉक्टर लिहून देत ते हे औषध, थोडी जीवनसत्त्वं आणि सोबतीला सौम्य उत्तेजक. बंदी घातलेल्या द्रव्यांच्या यादीत ते उत्तेजक आहे. जॉन्स्टनला घरी पाठवलं जातं. फिफाची वर्षभराची बंदी पुढे येईल, पण स्कॉटिश फुटबॉल संघटनेने त्याला देशासाठी खेळण्याचे दरवाजे कायमचे बंद केले.

संघ उतरलाय तो आल्ता ग्रासियाच्या हॉटेलात, शहरापासून सुमारे ३५ किलोमीटरवर. पोहण्याच्या तलावात पाणी नाही, कुंपणाशी बंदूकधारी पहारा. बाहेर पत्रकारांचा गराडा. गोळ्या कोणी दिल्या, डॉक्टरांना ठाऊक होतं का, प्रशिक्षकाला ठाऊक होतं का? संघाला घेऊन जाहिराती करणाऱ्या एका मोटार कंपनीने त्या मागे घेतल्या. कालपर्यंत ज्याच्या तोंडचं वाक्य मथळ्यासाठी झेललं जाई, त्याच्याकडे आज संशयाने पाहिलं जातंय.

एक सांगू? याच कोर्दोबाच्या वेशीवर, कार्लोस पाझकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, ला पेर्ला नावाचं लष्कराचं ठाणं आहे. तिथे देशातल्या लष्करी हुकूमशाहीच्या विरोधकांना डांबून छळतायत. कित्येकांचा नंतर पत्ताच लागणार नाही. क्रीडा पत्रकारांचा तांडा मात्र दोन गोळ्यांच्या मागे आहे.

चला, परत बाकड्यावर. इराणशी १-१. शिटी वाजते आणि हजारो मैलांचा प्रवास करून आलेले स्कॉटिश चाहते स्वतःच्याच संघावर तोंडसुख घेतात, पैसे परत मागतात. खेळाडूंची बस थुंकीने माखते. तुम्ही जरा लांब उभे राहा.

चार दिवसांनी मेंदोसा. समोर नेदरलँड्स, म्हणजे मागच्या विश्वचषकाचा उपविजेता. पुढे जायचं तर तीन गोलांच्या फरकाने जिंकायला हवं. कोणालाच आशा नाही आणि नेमका तेव्हाच हा संघ खेळतो! अडुसष्टाव्या मिनिटाला आर्ची गेमिल तिघांना चकवून चेंडू जाळ्यात टाकतो, ३-१. आणखी एक गोल झाला की झालं. तीन मिनिटांनी जॉनी रेप लांबून फटका मारतो आणि आशा मावळते. स्कॉटलंड ३-२ ने जिंकून बाहेर. हरलेलं नेदरलँड्स मात्र अंतिम फेरी गाठतं.

सप्टेंबरात व्हिएन्नात ऑस्ट्रियाकडून २-३ असा पराभव झाला आणि मॅक्लाउडने राजीनामा देऊन पुन्हा एअर गाठलं. त्याच्या जागी जॉक स्टीन आला.

आता तुम्ही परत निघालाच आहात, तर माझं मत ऐकून जा. गोळ्यांचा दोष मॅक्लाउडच्या माथी मारू नका. त्या त्याने दिल्या नव्हत्या, आणि ज्याने घेतल्या त्याचा खेळही त्यांनी सुधारला नाही. पेरूविरुद्धच्या पराभवाचा दोष द्या. विमानाचं एक तिकीट काढून तो कुबियासला पाहून आला असता, तर ३ जूनला त्याच्याजवळ काही तरी उत्तर असतं.

मॅक्लाउड २००४ मध्ये वारला. विली जॉन्स्टनने स्कॉटलंडची जर्सी घातली ती एकूण २२ सामन्यांत. त्यातला शेवटचा पेरूविरुद्धचा.