दुष्काळाचे आख्यान

सह्याद्रीच्या पूर्वेस माणदेशापासून मंगळवेढ्यापर्यंत पर्जन्यछायेचा जो प्रदेश पसरला आहे, तेथील लोकांचा दुष्काळाशी परिचय इतका जुना आणि इतका घरोब्याचा आहे की, त्यांच्या पोथ्या, त्यांचे कुळाचार आणि त्यांची करमणूक यांपैकी एकही गोष्ट त्याच्या छायेबाहेर राहिलेली नाही. हवामानाच्या पालटास नाट्याने, सर्कशीने वा पथनाट्याने कसे उत्तर द्यावे, याचा ऊहापोह आज देशोदेशी चालू आहे. परंतु ज्या मुलखात मृगाने दगा दिला की सारा गाव खेळ मांडून बसे, त्या मुलखाच्या इतिहासाला हा प्रश्न नवा नाही, आणि त्याने दिलेली उत्तरे आजही पुन्हा तपासून पाहण्याजोगी आहेत.

त्यांतले सर्वांत जुने उत्तर म्हणजे धोंडीचा खेळ. मृग कोरडा जाऊन आर्द्राही तशाच सरू लागल्या की एखाद्या पोराला उघडा करून त्याच्या अंगाला कडुलिंबाचे डहाळे बांधीत, डोक्यावर पाट देऊन त्यावर धोंडा वा बेडूक ठेवीत, आणि पोरांचा घोळका त्याला घरोघर नाचवीत नेई. दारात धोंडी आली की घरची बाई आत जाऊन, रांजणात तळाला गेलेल्या पाण्यातून तांब्या भरून आणी आणि त्या पोराच्या डोक्यावर ओती. वर पसाभर धान्य वा भाकरी घोळक्याच्या झोळीत टाकी, आणि जमलेला शिधा अखेरीस मारुतीच्या पारावर शिजवून सर्वांनी मिळून खाल्ला जाई. कोठे गाभाऱ्यात पाणी भरून महादेवाला कोंडीत, कोठे बेडकाचे लग्न लावीत. या विधींना भोळेपणा म्हणून हसणे सोपे आहे. परंतु पाणी सर्वांत दुर्मिळ झाले असता ज्या खेळात प्रत्येक उंबरठ्याला आपल्या वाट्याचा तांब्या उघड्यावर ओतावा लागे आणि घराघरांतले धान्य एका चुलीवर येई, त्या खेळाने पाऊस आणला नसला तरी गावाचे गावपण टिकवून धरले, हे नाकारता येणार नाही.

खेळ हेच ज्यांचे पोट होते, त्यांची गोष्ट याहून कठीण होती. कोल्हाटी दोरावरून चाले, डोंबारी वेळूच्या टोकावर उलटा होई, वासुदेव पहाटे दारी येई; आणि या सर्वांचा हिशेब सुगीच्या खळ्यावर, मुठी-पशाने चुकता होई. पीक बुडाले की बलुतेदाराला निदान वतनाचा आधार असे. या फिरस्त्यांना तोही नसल्याने गावाच्या हिशेबातून पहिली काट त्यांच्या नावावर पडे आणि त्यांची बिऱ्हाडे गाढवांच्या पाठीवर चढून जेथे पाऊस झाला असेल त्या दिशेला लागत. या भटकंतीकडे इंग्रजी अमलाने संशयाने पाहिले. 1871 साली उत्तर हिंदुस्थानात सुरू झालेला गुन्हेगार जमातींचा कायदा 1911 साली सर्व इलाख्यांस लागू झाला आणि अनेक भटक्या जमातींना पोलीसपाटलाकडील हजेरी चुकेनाशी झाली. कसरतीच्या खेळाला शहराकडची वाट मात्र त्याआधीच फुटली होती. कृष्णाकाठच्या अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे यांनी 1880 साली ग्रेट इंडियन सर्कस उभी केली, तेव्हा कसरतीच्या विद्येला प्रथमच तंबू, तिकीट आणि आगगाडी लाभली. एका तालुक्याचे पीक बुडाले तरी दुसऱ्या शहरी मुक्काम हलवण्याची सोय झाली, आणि तेल्लिचेरीच्या किलेरी कुन्हिकण्णन यांच्यासारख्या गुरूंमुळे हा व्यवसाय मलबारातही रुजला. डोंबाऱ्याला मात्र आगगाडी नव्हती. त्याचे दैव त्या खळ्याशीच बांधलेले राहिले.

परंतु दुष्काळाविषयी ज्या कलेने सर्वांत खोल विचार केला, ती कला म्हणजे कीर्तन, आणि तो विचार म्हणजे दामाजीपंतांचे आख्यान. पंधराव्या शतकात बहामनी अमलाखाली मंगळवेढ्याचे ठाणेदार असलेल्या दामाजींनी दुष्काळाने पीडलेल्या रयतेसाठी सरकारी धान्याची कोठारे हुकुमावाचून खुली केली, बेदरच्या बादशहाने त्यांना कैद करून आणण्याचे फर्मान काढले, आणि ते वाटेत असतानाच विठू महाराच्या वेषाने प्रत्यक्ष विठ्ठलाने दरबारात जाऊन धान्याची किंमत भरली व रसीद घेतली, ही ती कथा. ताहराबादच्या महिपतींनी 1762 साली ‘भक्तविजया’त ती ग्रथित केली आणि कीर्तनकारांनी ती गावोगाव नेली. पूर्वरंग आटोपून, गळ्यात हार आणि कपाळी बुक्का लावून बुवा आख्यानास उभे राहत, तेव्हा खांद्यावरच्या उपरण्याची घोंगडी होई, हातातल्या चिपळ्या थैलीतल्या मोहरांसारख्या वाजत, आणि ज्या श्रोत्यांच्या घरी त्या वर्षी पेव रिकामे होते, ते ‘कोठार उघडले’ या शब्दांपाशी नि:शब्द होत.

या कथेची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. पाऊस का पडला नाही, याची चिकित्सा तीत नाही. दैवाला वा रयतेच्या पापाला दोष नाही. सारा पेच कुलपाशी आहे. धान्य आहे, माणसे उपाशी आहेत, आणि दोहोंच्या मध्ये हुजुराची मोहर आहे. शिवाय गावाचा वसूल सरकारी खजिन्यात पोहोचवणे हे ज्याचे वतनी काम, आणि ज्याला देवळाची पायरी चढण्याची मनाई, त्याच महाराच्या रूपाने देव दरबारात उभा राहतो आणि राज्यकर्त्याला रसीद लिहावयास लावतो, ही योजना ज्यांनी केली त्यांची सामाजिक दृष्टी साधी नव्हती. अवर्षण आभाळाचे असले तरी उपासमार कारभाराची असते, हा सिद्धांत शेकडो वर्षे मराठी श्रोत्यांच्या कानी घालण्याचे श्रेय या आख्यानाकडे जाते.

आख्यानाला एक मर्यादाही होती: त्यातला न्याय एका सज्जन अधिकाऱ्यावर आणि एका चमत्कारावर अवलंबून होता. 1876 ते 1878 च्या भीषण दुष्काळात हे दोन्ही अपुरे पडले. दुष्काळाच्या कामी सरकारने नेमलेले अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील पुरुषाची मजुरी एक पौंड धान्य आणि वर एक आणा इतकी खाली आणली, तेव्हा मुंबई इलाख्यातल्या हजारो मजुरांनी कामे सोडून निषेध केला आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची कैफियत सरकारपुढे मांडली. पुढे फॅमिन कोड, म्हणजे दुष्काळ-निवारणाचे सरकारी नियम, तयार झाले, आणि 1896 च्या दुष्काळात लोकमान्य टिळकांनी त्यातील कलमे मराठीतून रयतेपुढे ठेवली; सभेचे प्रतिनिधी गावोगाव जाऊन सांगू लागले की, शेतसाऱ्याची सूट व तहकुबी हा कायद्याने दिलेला हक्क आहे, मेहेरबानी नव्हे. सरकारने 1897 साली सभेची मान्यता काढून घेतली, यावरून तो प्रचार किती वर्मी लागला हे दिसते. स्वातंत्र्यानंतर, 1965 साली, विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातील विसापूर येथे कामाच्या हमीचा प्रयोग केला, 1972 च्या दुष्काळात त्याचा विस्तार झाला, आणि 1977 साली विधिमंडळाने त्याला कायद्याचे रूप दिले. विठ्ठलाने भरलेली रक्कम भरण्याची जबाबदारी अशा रीतीने राज्याच्या अंदाजपत्रकावर आली.

आज कृष्णेच्या खोऱ्यात एका वर्षी टँकर फिरतात आणि 2019 सारख्या वर्षी कृष्णा-पंचगंगा घराघरांत शिरतात. अशा काळी तरुण मंडळी हवामानावर पथनाट्ये बसवतात, शाळांतून मुलांच्या कसरतींचे खेळ करतात, हे स्तुत्य आहे. परंतु त्यांतले बहुतेक प्रयोग नळ बंद करा आणि झाड लावा, एवढा उपदेश करून आटोपतात. दामाजीचे आख्यान सांगणारा बुवा श्रोत्यांना काटकसर शिकवीत नसे. किल्ली कोणाच्या कमरेला आहे ते तो दाखवून देई. धरणाचे पाणी कोणत्या पिकाला जाते, पूररेषेत बांधकामाचा परवाना कोण देतो, रोजगार हमीची मजुरी कोठे अडकते, हे प्रश्न ज्या खेळात भर चौकात विचारले जातील, तोच या परंपरेचा वारस ठरेल. बाकीच्यांनी आधी एकदा मंगळवेढ्याची ती जुनी कथा पुन्हा ऐकावी.