अळणी पाव

पेरुजामध्ये पहिल्याच दिवशी पाव चावला आणि वाटलं, हे मीठ घालायला विसरले. बेकरीतल्या आजींना खुणेनंच विचारलं. रांगेतला एक मुलगा इंग्रजीत सांगू लागला. आजी मधेमधे त्याला दुरुस्त करत होत्या.

पोप तिसरा पॉल यानं १५४० मध्ये मिठावरचा कर वाढवला. शहरानं बंड केलं, हरलं. पोपनं बंडखोर बालिओनी घराण्याची घरं गाडून त्यांवर रोक्का पाओलिना हा किल्ला उभारला. "मग आम्ही पावातलं मीठच सोडलं," आजी म्हणाल्या, जणू कालचीच गोष्ट.

अळणी पाव या कराहून जुना असावा, असं काही अभ्यासक म्हणतात. मी ते बोललो नाही. त्याऐवजी १९३० सालच्या आमच्या शिरोड्याच्या मिठागरांबद्दल सांगितलं. तिथं मिठासाठी लोकांनी लाठ्या खाल्ल्या होत्या.

"मग तुम्हीही सोडलंत?"

"नाही, आम्ही लुटलं."

आजी हसल्या आणि पावात खारट हॅमचा काप घालून दिला. तो असाच खायचा असतो म्हणे.

१८६० मध्ये पोपची सत्ता गेल्यावर लोकांनी किल्ला पाडला. खाली गाडलेल्या गल्ल्या उरल्या. आता त्यांतून सरकते जिने जातात. मी खातखातच उतरलो.