रोहिणीची सर आणि राबाची राख

पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक आणि त्याच्या आसपासची डोंगराकडेची गावे उन्हाळ्यात तहानलेली असतात, पण ती पाऊस कमी पडतो म्हणून नव्हे. रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत संपतो. खाली काळा कातळ, वर मातीचा पातळ थर, उतार तीव्र आणि समुद्र जवळ. त्यामुळे पडलेले पाणी थांबत नाही. फाल्गुनात ओढे आटतात, वैशाखात विहिरींचा तळ दिसतो. मग नदीच्या कोरड्या पात्रात खड्डा खणून झिरपणारे पाणी वाटीवाटीने भरायचे, हे काम पिढ्यान्‌पिढ्या बायकांच्या वाट्याला आले. घाटावर दुष्काळ म्हणजे पावसाळा कोरडा जाणे. कोकणात तो भरघोस पावसाळ्यानंतरही दर वर्षी येतो.

या टंचाईत येणारा पहिला पाऊस दोन प्रकारचा असतो आणि इथल्या शेतकऱ्याने त्यांत कधी गल्लत केली नाही. वळीव पूर्वेकडून, सह्याद्रीच्या बाजूने येतो. मे महिन्यात दुपारभर तापलेल्या डोंगरांवर ढग उभे राहतात, संध्याकाळी गडगडाट होतो, वारा सुटतो आणि तासाभरात सगळे निवळते. मोसमी पाऊस नैर्ऋत्येकडून, समुद्रावरून येतो आणि मुक्कामाला येतो. पंचांगात त्याच्या दोन खुणा ठरलेल्या आहेत: २५ मेच्या सुमारास लागणारे रोहिणी नक्षत्र आणि ७ जूनच्या सुमाराचे मृग.

पण घराची तयारी झालेली नसेल, तर पहिल्या पावसाचे स्वागत होत नसे. या तयारीला कोकणात आगोट म्हणतात. घर शाकारून घेणे, पेंढ्याची उडवी झाकणे, सरपण आणि शेणी पडवीत रचणे, मीठ, मिरची, आमसुले, सुकी मासळी भरून ठेवणे ही सगळी कामे रोहिणीच्या आत उरकावी लागत. अवेळी सर आली तर पेंढा कुजे, सरपण भिजे, झाडावरचा फणस पाणचट होई. विनोबा भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी गागोद्यात झाला आणि त्यांचे बालपण इथेच गेले. त्यांनी सांगितलेल्या आठवणींत अंगणातला फणस आहे: पिकला की आई त्याचे गरे द्रोणांत भरून आधी शेजारी घरोघर वाटायला लावी आणि मगच मुलाला खायला देई. अशा घराचा उन्हाळा कसा होता, ते या एका झाडावरून कळते.

भिजून चालणार नाही अशी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे राब. भाताच्या रोपवाटिकेच्या जागेवर शेण, झाडांचे टहाळ, पालापाचोळा आणि गवत यांचे थर पसरून ते उन्हाळ्यात जाळतात, त्याला राब भाजणे म्हणतात. त्या उष्णतेने तणाचे बी मरते, चिकट माती भुसभुशीत होते आणि राखेचे खत रोपांना मिळते. राब भाजून झाल्यावर मात्र पावसाची वाट पाहण्याचे दिवस सुरू होत. काही जण कोरड्या मातीतच बी टाकत; ही धूळवाफ पेरणी. नंतर सर आली तर रोप लवकर हाती येई, पण एक सर पडून पावसाने दडी मारली तर उगवलेला कोंब करपे आणि घरात ठेवलेले बियाणे दुसऱ्यांदा काढावे लागे. ज्याच्याकडे ते नसे, त्याला कर्ज काढावे लागे.

राबासाठी लागणारा ऐन-किंजळीचा टहाळ रानातून येई. १८७८च्या वन कायद्यानंतर रानावर सरकारी बंधने वाढली आणि तेव्हाच्या ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत तक्रारी इतक्या झाल्या की मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ साली आला. शेतकऱ्याचे म्हणणे साधे होते: टहाळ नाही तर राब नाही, राब नाही तर पहिल्या पावसाचा उपयोग नाही. ते खरेच होते. रानाची राखण आणि भाताची शेती एकमेकींविरुद्ध उभ्या करून सरकारने गरिबाला अकारण गुन्हेगार ठरवले. इंग्लंडहून आलेले रसायनशास्त्रज्ञ व्होएल्कर यांनीही १८९३च्या आपल्या शेतीविषयक अहवालात राबाची दखल घेतली.

मृग बरसला की गाव बदलते. उन्हाने टणक झालेली खाचरे नांगराला वश होतात. पाणी शेतांत शिरताच मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध चढतात. हे वलगणीचे मासे आणि बिळांतून निघालेल्या चिंबोऱ्या हेच अनेक घरांतले मोसमाचे पहिले ताजे कालवण. विहिरी मात्र लगेच भरत नाहीत. कोरडी जमीन आधी आपली तहान भागवते, त्यामुळे पहिल्या सरीनंतरही पाण्याची पायपीट काही दिवस चालूच राहते.

कुलाबा जिल्ह्याचे नाव १९८१ साली रायगड झाले. पेण तालुक्यात हेटवणे धरण बांधले गेले, त्याचे पाणी नवी मुंबईपर्यंत पोहोचले. पेणच्याच खारेपाटातल्या, म्हणजे खाडीकाठच्या गावांना मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागली. राबाची जागा काही शेतांत चारसूत्री पद्धतीने घेतली. तिच्यात रोपवाटिकेत भाताच्या तुसाची राख मिसळतात, चिखलणीआधी गिरिपुष्पाचा पाला शेतात गाडतात, ठरावीक अंतरावर लावणी करतात आणि खताच्या गोळ्या चार चुडांच्या मधोमध खोचतात. रानातला टहाळ त्यामुळे वाचतो. पेरणी मात्र आजही पाऊस बघूनच होते, आणि मोबाइलवर हवामानाचा अंदाज वाचणारा शेतकरीही रोहिणी-मृगाचाच हिशेब धरतो.