सोल प्रोप्रायटर

बी. कॉम.ला असताना ‘सोल प्रोप्रायटर’ हा शब्द आम्ही परीक्षेपुरता पाठ केला होता. त्याचा खरा अर्थ मला कळला तो विताले ब्रामानीमुळे.

हा इटलीतल्या मिलान शहरचा. गिर्यारोहणाच्या सामानाचं दुकान चालवायचा आणि स्वतःही डोंगर चढायचा. (आमच्या पेठेतला छत्रीवाला पावसात दुकानाबाहेर पडत नाही!) त्या काळी आल्प्समध्ये जाणारे दोन जोड वागवीत. बर्फासाठी तळाला लोखंडी खिळे ठोकलेले जड बूट. पण कातळावर खिळे घसरत, म्हणून तिथे बूट उतरवून पातळ तळाचे हलके जोडे घालायचे. सप्टेंबर १९३५ मध्ये पुंता रासिका शिखरावर ब्रामानीची मंडळी अशा हलक्या जोड्यांत असतानाच हिमवादळानं गाठलं. त्या जोड्यांनी बर्फावरून उतरणं अशक्य. सहा सोबती गारठून गेले.

कातळ आणि बर्फ दोन्हीकडे चालेल असा एकच तळ हवा, हे त्याच्या डोक्यानं घेतलं. गाडीचं टायर रस्ता पकडतं, मग माणसाच्या पायानं काय घोडं मारलंय? पिरेली या टायरवाल्या कंपनीनं हातभार लावला आणि १९३७ मध्ये रबरी सोलचं पेटंट झालं. खिळे होते तिथे आता रबराचेच जाड खुंट. नाव ठेवलं ‘कार्रारमातो’, म्हणजे चक्क रणगाडा! कंपनीला मात्र स्वतःचंच नाव दिलं, तेही काटकसरीनं: वितालेतला ‘वि’, ब्रामानीतला ‘ब्राम’, झालं विब्राम. असली सही आमच्या काउंटरवर आली असती तर नमुन्याशी जुळत नाही म्हणून चेक परत गेला असता.

३१ जुलै १९५४ रोजी दोन इटालियन के-टूच्या माथ्यावर, ८६११ मीटरवर, प्रथमच पोचले ते याच सोलवर. पेपरात फोटो त्यांच्या चेहऱ्यांचे आले. तळवे कोण छापतो?

कंपनी अजूनही ब्रामानी कुटुंबाचीच आहे. मुख्य धंदा सोलचा. वरचा बूट शिवणारे दुसरे. सोलवर पिवळा अष्टकोनी छाप असतो. तो लोकांना नीट दिसायचा तर आपण उताणं पडायला हवं, आणि पडायचंच असेल तर एवढे पैसे कशाला मोजा?

परवा आमच्या शाखेतल्या एका ट्रेकवाल्या पोरानं नवा बूट माझ्या टेबलावर उलटा ठेवून कौतुकानं तो छाप दाखवला. मी आधी चहा बाजूला घेतला, मग बघितला.