मराठी टंकलेखन यंत्राची दुरुस्ती

मराठी टंकलेखन यंत्राची दुरुस्ती म्हणजे दीर्घकाळ वापराविना पडून असलेले देवनागरी कळफलकाचे यांत्रिक टंकलेखन यंत्र (प्रचलित नाव : टाइपरायटर) स्वच्छ करून पुन्हा चालू स्थितीत आणणे होय. अशा यंत्रांतील बहुतेक दोष भाग मोडल्याने नव्हे, तर सुकलेले तेल, धूळ आणि शाई साचल्याने उद्भवतात. त्यामुळे यंत्र न खोलता केलेली साफसफाई बहुधा पुरेशी ठरते.

पार्श्वभूमी

गोदरेज अँड बॉइस या कंपनीने १९५५ साली भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र बाजारात आणले. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ नंतर शासकीय कामकाजात मराठीचा वापर वाढला आणि मराठी यंत्रांची गरजही वाढली. लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी टंकलेखनाचा मिनिटाला ३० शब्दांचा वेग ही अर्हता असल्याने टंकलेखन संस्था तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचल्या. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा अस्तित्वात आल्यावर तेथेही जिल्हा पातळीवरील कार्यालये सुरू झाली. वकील, अर्जलेखक आणि लिपिक यांच्या घरीही अशी यंत्रे असत. पुढे संगणकामुळे मागणी घटली व २००९ मध्ये गोदरेजने उत्पादन थांबवले. त्यानंतर सुटे भाग आणि जाणकार कारागीर दुर्मीळ होत गेले. म्हणून घरच्या घरी करता येण्याजोग्या दुरुस्तीला महत्त्व आले.

बिघाडाची कारणे

जालना जिल्ह्यात उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. उष्णतेने तेल घट्ट होते व रबरी रूळ कडक पडतो. पावसाळ्यातील दमटपणामुळे उघड्या पोलादी भागांवर गंज चढतो. झाकण नसलेल्या यंत्रात धूळ तेलात मिसळून अक्षरदांड्यांच्या खाचा बुजतात. दाबलेली कळ मग परत येत नाही.

तपासणी

प्रथम गाडी (कॅरेज) अडकवणारी खिट्टी आणि समासाचे थांबे पाहावेत. गाडी मुळीच सरकत नसेल, तर तिला स्प्रिंगच्या डबीशी जोडणारा पट्टा निसटला आहे का, ते तपासावे. पट्टा जोडताना डबी हाताने घट्ट धरावी, अन्यथा स्प्रिंग वेगाने उलगडते. डबी स्वतः उघडू नये.

देवनागरी यंत्रात वरच्या मात्रा, उकार, अनुस्वार इत्यादी चिन्हांच्या कळा दाबल्यावर गाडी पुढे जात नाही. ही यंत्राची मूळ रचना आहे, बिघाड नव्हे. म्हणून गाडीची चाल पूर्ण अक्षरांच्या कळांनी तपासावी. पूर्ण अक्षरे एकमेकांवर उमटत असतील, तरच दोष समजावा.

साफसफाई

सुकी धूळ मऊ ब्रशने काढावी. खाचांमध्ये ब्रशने थोडे स्पिरिट लावून प्रत्येक कळ अनेकदा दाबावी, सुटलेला मळ पुसावा व कळ मोकळी होईपर्यंत ही क्रिया पुन्हा करावी. स्पिरिट ज्वालाग्राही असल्याने हे काम मोकळ्या हवेत, विस्तवापासून दूर करावे. ते रबर व रंगावर पडू देऊ नये. ‘व’, ‘ब’, ‘ध’ यांसारख्या अक्षरांच्या पोकळीत साचलेली शाई जुन्या दातांच्या ब्रशने काढावी.

अक्षरदांड्यांच्या खाचांत तेल घालू नये. त्यावर पुन्हा धूळ बसते आणि कळा काही काळाने अधिकच अडकतात. शिलाई यंत्राचे तेल केवळ गाडीच्या रुळांवर, तेही थेंबभर लावावे. न हलणाऱ्या दांडीवर जोर देऊ नये. ती वाकल्यास अक्षर ओळीबाहेर उमटते.

फीत व रूळ

सामान्य शाईफीत (रिबन) सुमारे १३ मिलिमीटर रुंद असते. यंत्रातील मूळ रिळे टाकून देऊ नयेत. नवी फीत त्यांवरच गुंडाळता येते. नवी फीत लावूनही अक्षर उमटत नसेल, तर रंगनिवडीची कळ स्टेन्सिलच्या खुणेवर आहे का, ते पाहावे. त्या स्थितीत फीत वर उचलली जात नाही. रूळ कडक झाला असल्यास कागदामागे आणखी एक कोरा कागद लावावा. त्यामुळे ठसा सुधारतो व रुळावरील आघात कमी होतो.

जतन

दुरुस्तीनंतर यंत्र कापडी झाकणाखाली, कोरड्या जागी ठेवावे आणि अधूनमधून सर्व कळा चालवाव्यात. वापरात राहिलेल्या यंत्राचे भाग सहसा आखडत नाहीत.

हेही पहा

टंकलेखन
देवनागरी कळफलक
जालना जिल्हा