पझल बोर्ड, घरगुती

जिगसॉ पझल ज्यावर जुळवायचे आणि जुळवणी अर्धी असताना तुकड्यांसकट उचलून बाजूला ठेवायचे, अशी घरी बनवलेली, कडेला पट्टी असलेली सपाट फळी. गुंडाळून ठेवायची फेल्टची चटई, ड्रॉवर असलेले तयार बोर्ड आणि पझलसाठीची खास टेबले हे याच कुळातले प्रकार; येथे मुख्यतः लाकडी बोर्डाचा विचार केला आहे. हजार तुकड्यांचे पझल एका बैठकीत क्वचितच पुरे होते. जेवण, अभ्यास आणि इस्त्री ज्या घरात एकाच टेबलावर चालते, तिथे ते दर वेळी मोडावे लागते किंवा टेबल अडवून बसते. काम अर्धे ठेवता यावे हा बोर्डाचा मूळ उपयोग आहे. बोर्डाची मापे, वजन आणि पृष्ठभाग यांचा निर्णय त्यावरूनच करावा.

पूर्वपीठिका : लाकडावर चिकटवून कापलेले नकाशे विकणारा पहिला ज्ञात व्यावसायिक म्हणून लंडनचा नकाशाकार जॉन स्पिल्सबरी (१७३९–६९) याचे नाव साधारणतः घेतले जाते. त्याने हे काम १७६० च्या सुमारास सुरू केले. मात्र शिक्षिका व लेखिका मादाम द बोमाँ हिच्याकडे असे नकाशे त्याच्याही आधी असावेत, असे काही अभ्यासक मानतात. हे नकाशे भूगोल शिकवण्यासाठी असत आणि बहुधा देशांच्या सीमांवरून कापलेले असत. तुकडे एकमेकांत अडकत नसल्यामुळे टेबलाला जरा धक्का लागला तरी जुळवलेला भाग विस्कटे. अमेरिकेतील पार्कर ब्रदर्स कंपनीने १९०८ मध्ये ‘पास्टाइम’ ही लाकडी पझले बाजारात आणली. त्यांचे तुकडे परस्परांत गुंतत, त्यामुळे विस्कटण्याचा धोका कमी झाला. १९३० नंतरच्या मंदीत साच्याने कापलेली पुठ्ठ्याची स्वस्त पझले तिथे दर आठवड्याला निघू लागली, आणि पझल करणे हा सामान्य घरांतला उद्योग बनला. काम गेलेल्या कित्येकांनी याच काळात घरच्या करवतीवर पझले कापून विकली. ब्रिटनमध्ये लाकडी पझले वाचनालयासारखी घरी नेण्याची सोय करणारी ‘ब्रिटिश जिगसॉ पझल लायब्ररी’ १९३३ पासूनची. तिच्या पझलांसोबत मूळ चित्र दिले जात नाही. साहित्यात जॉर्ज पेरेक या फ्रेंच लेखकाच्या १९७८ च्या ‘ला व्ही मोद दाँप्लोआ’ या कादंबरीचा उल्लेख आवश्यक आहे. तिच्यातील बार्टलबूथ आपली ५०० जलरंगचित्रे प्रत्येकी ७५० तुकड्यांत कापून घेतो आणि पुढची वर्षे ती जुळवण्यात घालवतो.

मापे : बोर्ड फसतो तो बहुतेक वेळा इथेच. ५०० तुकड्यांचे पझल पुरे झाल्यावर साधारण ४९ × ३६ सेंमी., १,००० चे ७० × ५० सेंमी. आणि १,५०० चे ८० × ६० सेंमी. भरते, उत्पादकागणिक त्यात थोडाफार फरक पडतो. पुऱ्या चित्राएवढा बोर्ड मात्र पुरत नाही, कारण सुटे तुकडे जुळलेल्या तुकड्यांपेक्षा जास्त जागा घेतात. मॅडेलीन आणि केंट बॉन्स्मा-फिशर यांनी २०२३ मध्ये हा प्रश्न गणिताने आणि प्रत्यक्ष मोजणीने सोडवला. एकावर एक न येता पसरलेले सुटे तुकडे पुऱ्या चित्राच्या सुमारे १.७३ पट (म्हणजे तीनच्या वर्गमुळाइतकी) जागा व्यापतात, आणि तुकड्यांची संख्या कितीही असली तरी हे प्रमाण जवळपास तेच राहते. या हिशोबाने ७० × ५० सेंमी. चित्राच्या ३,५०० चौ. सेंमी. जागेसाठी सुट्या तुकड्यांना सुमारे ६,०६० चौ. सेंमी. लागतात. आतून ८० × ६० सेंमी. असलेला बोर्ड ४,८०० चौ. सेंमी. देतो. उरलेल्या तुकड्यांसाठी, आणि हात चालवायला बोर्डावर मोकळी जागा राहावी म्हणून, ४० × ३० सेंमी.चे तीन-चार उथळ ट्रे करावेत. बोर्डच याहून मोठा केला तर तो दारातून आडवा जात नाही आणि पलीकडच्या कडेपर्यंत हात पोचत नाही. हजार तुकड्यांसाठी ८० × ६० हे माप सर्वांत सोयीचे, असे प्रस्तुत नोंदकाराचे मत आहे.

या मापाचा एक मोठा फायदा सुतारकामातला आहे. ८० आणि ६० सेंमी. बाजूंच्या काटकोनी चौकटीचा कर्ण नेमका १०० सेंमी. येतो. पट्ट्या चिकटवल्यावर दोन्ही कर्ण टेपने मोजावेत. दोन्ही १०० भरले तर चौकट काटकोनात आहे, गुण्या हाताशी नसला तरी चालते. एक कर्ण मोठा आला तर फेव्हिकॉल ओला असतानाच त्या दोन कोपऱ्यांवर आतल्या बाजूला दाब देऊन चौकट सरळ करावी.

रचना : तळासाठी प्लायवूड उत्तम. चौकटीसह ८४ × ६४ सेंमी. तळ ६ मिमी. प्लायचा केल्यास सुमारे २ किलो भरतो, १२ मिमी.चा त्याच्या दुप्पट, १२ मिमी. एमडीएफ पाच किलोच्या घरात जाते. दोन्ही हातांनी उचलून पलंगाखाली सरकवायच्या वस्तूसाठी हा फरक फार मोठा आहे. ६ मिमी. प्लाय कडांनी उचलल्यावर मध्ये झोल घेतो आणि जुळलेले तुकडे सांध्यांत उघडतात. म्हणून तळाच्या खालून दोन आडव्या पट्ट्या मारणे भाग आहे. कडेची पट्टी २ सेंमी. रुंद आणि पृष्ठभागापासून १ सेंमी. उंच असावी. पुठ्ठ्याचा तुकडा साधारण २ मिमी. जाडीचा असल्यामुळे एवढ्या उंचीवरून तो घसरून जात नाही. पट्टी याहून उंच केली तर तिची सावली कडेच्या तुकड्यांवर पडते आणि मनगटाला ती बोचते. कोपरे ४५ अंशांत कापून जोडावेत आणि पट्टीची आतली-वरची धार काचकागदाने गोल करावी. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते टाळलेला बोर्ड तासाभरात हाताला जाणवतो.

पृष्ठभाग : याबाबत मतभेद आहेत. फेल्ट तुकड्यांना धरून ठेवते, त्यामुळे बोर्ड किंचित तिरका ठेवून मानेवरचा ताण कमी करता येतो. उलट, जुळलेला वीस-तीस तुकड्यांचा पुंजका अखंड सरकवून जागेवर न्यायचा तर गुळगुळीत पृष्ठभागच हवा; फेल्टवर तो मध्येच दुमडतो. चमक नसलेला सनमायका किंवा पॉलिश केलेला प्लाय हा आडव्या बोर्डासाठी अधिक चांगला पर्याय वाटतो. रंग राखाडी किंवा गडद हिरवा असावा. पांढऱ्यावर आकाशाचे आणि बर्फाचे तुकडे दिसेनासे होतात. फेल्ट लावायचेच असल्यास फेव्हिकॉलचा पातळ थर फळीला लावावा, कापडाला नव्हे. कापडात मुरलेला गोंद वाळून कडक डाग पडतात.

झाकण : ३ मिमी. हार्डबोर्डचे, कडेच्या पट्टीवर टेकणारे.

कॅरम बोर्डाचा उपयोग : महाराष्ट्रात पूर्ण आकाराचा कॅरम बोर्ड असंख्य घरांत असतो. त्याचा खेळाचा पृष्ठभाग सुमारे ७४ सेंमी. चौरस असतो, आणि कडेची चौकट पझल बोर्डाच्या पट्टीचेच काम करते. ७० × ५० सेंमी.चे पझल मधोमध ठेवल्यास दोन बाजूंना २ सेंमी. आणि वर-खाली १२ सेंमी. जागा उरते. चारही भोके सुमारे साडेचार सेंमी.ची आणि अगदी कोपऱ्यात असल्यामुळे चित्र त्यांच्यावर येत नाही. सुटे तुकडे मात्र त्यांत पडतात, तेव्हा खालून जाळी नसेल तर पुठ्ठा लावावा. बोरिक पावडर आधी कोरड्या कापडाने पूर्ण पुसावी, नाहीतर जुळलेला भाग हाताच्या स्पर्शानेही घसरतो. ज्यांना करवत धरायची नाही त्यांनी नवा बोर्ड विकत घेण्याआधी माळ्यावरचा कॅरम उतरवून पाहावा. पझल पुरे होईपर्यंत कॅरम बंद राहतो, ही अडचण खरी आहे.

मुलांसाठी : १०० तुकड्यांपर्यंतच्या पझलांना स्टीलचा मोठा ट्रे पुरतो.

निगा : कोकण व मुंबईच्या पावसाळ्यात एमडीएफच्या उघड्या कडा ओल शोषून फुगतात, त्यांना सीलर किंवा वॉर्निशचे दोन हात द्यावेत. प्लायही भिंतीला टेकवून उभा ठेवल्यास वाकतो, म्हणून रिकामा बोर्ड आडवाच ठेवावा. फेल्टवरचा धागा व धूळ कपड्यांच्या ब्रशने एकाच दिशेने काढावी.